क्रूझची गॅरंटी केबिन: नंबर कधी येतो, कुठली मिळते, घेण्याआधी काय बघावं

खलाशी_आळशी (धागाकर्ता)

अलास्काच्या धाग्यावर दर चार प्रतिसादांमागे एक "अजून केबिन नंबर आला नाही, काय करू?" असा येतोय आणि कुठली हिमनदी, कुठलं बंदर ही मूळ चर्चा वाहून चाललीय. म्हणून हा वेगळा धागा.

गॅरंटी म्हणजे वेटिंग लिस्ट नव्हे. आपल्याकडे फर्स्ट एसीचं तिकीट कन्फर्म असतं, पण कूपे कुठला आणि बर्थ कुठला हे चार्ट लागल्यावर कळतं, तसलाच हा प्रकार. जागा पक्की, भाडं ठरलेलं, दार कुठलं ते कंपनी सांगणार. इनसाइड (बिनखिडकीची), ओशन व्ह्यू (खिडकीची), बाल्कनी, स्वीट यांपैकी जो प्रकार घेतला असेल तो किंवा त्याच्या वरचा मिळतो, खालचा मिळत नाही. डेक, जहाजाचा पुढचा भाग की मागचा, डावी बाजू की उजवी, दोन बुकिंगांच्या केबिन शेजारीशेजारी असणं, यातलं काहीही गॅरंटीत येत नाही.

बुकिंग गॅरंटीचं आहे की नाही हे कोडवरून ओळखता येतं. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या जहाजांवर इनसाइडला झेडआय, ओशन व्ह्यूला वायओ, बाल्कनीला एक्सबी आणि स्वीटला डब्ल्यूएस. नॉर्वेजियनवर हेच 'सेल अवे' नावाने विकतात आणि कोड आयएक्स, ओएक्स, बीएक्स असे असतात. एमएससीवर 'बेला' दरात केबिन आपल्याला निवडता येत नाही. कन्फर्मेशनवर केबिन नंबराच्या जागी 'जीटीवाय' दिसलं की समजायचं.

दाणापाणी

चांगला धागा. लगेच प्रश्न टाकते. सिएटलहून ७ रात्री, सप्टेंबर, बाल्कनी गॅरंटी, दोघं आणि सासूबाई एकाच केबिनमध्ये. पूर्ण पैसे भरलेत, ४० दिवस उरलेत, ॲपमध्ये नुसतं जीटीवाय. हे उशिरा झालं का?

तळडेक

नाही. ४० दिवस म्हणजे अजून निम्मा खेळ बाकी आहे.

नंबर कधी येईल याला नियम नाही. बुकिंगच्या दुसऱ्या दिवशी येऊ शकतो, तसा बंदरावरच्या काउंटरवरही मिळू शकतो. पण बहुतेक नंबर दोन टप्प्यांत पडतात, आणि त्याला कारण आहे.

पहिला टप्पा अंतिम हप्त्याच्या तारखेनंतरचा. ही तारीख कंपनी आणि सफरीच्या लांबीनुसार साधारण निघण्याच्या ७५ ते १२० दिवस आधी असते. त्या दिवशी पैसे न भरलेली बुकिंगं गळतात, ट्रॅव्हल एजन्सींनी ग्रुपसाठी अडवून ठेवलेल्या आणि न खपलेल्या केबिन परत येतात. मोकळं काय उरलंय हे कंपनीला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसतं.

दुसरा टप्पा शेवटच्या आठवड्याभराचा. जास्त पैसे देऊन वरची केबिन मिळावी म्हणून प्रवासी बोली लावतात, त्या अपग्रेडच्या बऱ्याच बोली तेव्हा मंजूर होतात. बाल्कनीतला कुणी स्वीटमध्ये गेला की त्याची बाल्कनी सुटते, तिथे ओशन व्ह्यूवाला चढतो, मग त्याची खिडकी सुटते. अशी भोकं बुजवायलाच गॅरंटीवाले प्रवासी हाताशी ठेवलेले असतात. म्हणून कंपनीला घाई नसते, आपल्यालाच असते.

ऑनलाइन चेक-इन गॅरंटीवरही होतं, नंबराची वाट बघू नका. रॉयलवर ते ४५ दिवस आधी उघडतं, नॉर्वेजियनवर २१ दिवस आधी. बंदरावर पोचायची वेळ तिथेच निवडायची असते आणि सकाळच्या वेळा लवकर संपतात.

दाणापाणी

पण तिसरी खाट? सासूबाईंना वरच्या बर्थवर चढवणं शक्य नाही.

खलाशी_आळशी

तिघांची नावं एकाच बुकिंगमध्ये असतील तर तिघांची सोय असलेलीच केबिन मिळते. मात्र तिसरी जागा दोन प्रकारची असते, सोफा उघडून होणारा बेड किंवा छतातून खाली येणारा पुलमन बर्थ, आणि गॅरंटीत यातलं कुठलं हे ठरलेलं नसतं. खालचे दोन ट्विन बेड वेगळे करून सासूबाईंना त्यातला एक द्या आणि वरची खाट तुम्हा दोघांपैकी कुणीतरी घ्या, हे चालणार असेल तर काळजी नाही. ट्विन वेगळे हवेत ही नोंद आत्ताच करून ठेवा. ती बुकिंग क्रमांकाला चिकटते, केबिन नंबर लागत नाही. जैन जेवण, ॲलर्जी, सीपॅप मशीनसाठी (झोपेत श्वासाला मदत करणारं यंत्र) डिस्टिल्ड वॉटर वगैरे सगळ्या विनंत्यांचं असंच.

व्हीलचेअर किंवा वॉकर लागत असेल तर मात्र गॅरंटी घेऊच नये. साध्या केबिनच्या न्हाणीघराला उंबरा असतो आणि दरवाजा अरुंद. रुंद दाराची ॲक्सेसिबल केबिन नंबरासकट बुक करून कंपनीचा फॉर्म भरायचा.

दाणापाणी

नाही, चालतात व्यवस्थित. ट्विनची नोंद करते. धन्यवाद.

हिशोबनीस

भाड्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. गॅरंटी नेहमी स्वस्त असते असं धरून चालू नका. जहाज भरत आलं की गॅरंटीचा दर निवडलेल्या केबिनच्या बरोबरीला येतो, क्वचित वरही जातो. एकाच दिवशी, एकाच प्रवासीसंख्येने दोन्ही दर काढा. कर आणि बंदर शुल्क दोन्हींकडे सारखंच असतं, तेव्हा शेवटच्या एकूण रकमा समोरासमोर ठेवल्या की झालं.

समजा माणशी १२० डॉलरचा फरक निघाला. दोघांचे २४०, सात रात्रींना भागले की केबिनमागे रात्रीला ३४ डॉलर. एवढ्यासाठी नाइट क्लबच्या डोक्यावर झोपायला तयार आहात का, हा खरा प्रश्न. माणशी ३० डॉलरचा फरक असेल तर रात्रीला साडेआठ डॉलर पडतात. तेवढ्यासाठी निवडीचा हक्क सोडण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, स्वस्त दरासोबत काय कापलंय ते वाचा. काही दरांत अनामत रक्कम परत मिळत नाही, काहींत पेयांचं किंवा वायफायचं पॅकेज नसतं. ते वेगळं घेतलं की गॅरंटीची बचत तिथेच संपते.

भरतीओहोटी

गॅरंटीवाल्यांना अपग्रेड मिळतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. इनसाइड गॅरंटी घेऊन बाल्कनी मिळाल्याच्या पोस्टी ढिगाने दिसतात. मग इनसाइडच घ्यावी ना?

तळडेक

ज्यांना मिळाली ते फोटो टाकतात. ज्यांना लिफ्टच्या बोळातली इनसाइड मिळाली ते कशाला टाकतील?

अपग्रेड होतं, पण बहुतेकदा त्याच प्रकारात. बाल्कनीतच पाच-सहा उपप्रकार असतात, त्यातल्या सगळ्यात खालच्यातून दोन पायऱ्या वर. कागदावर अपग्रेड, प्रत्यक्षात तीच खोली दोन डेक वर किंवा जहाजाच्या मध्याकडे. इनसाइडवरून थेट बाल्कनी ही लॉटरी. एका केबिनमागे दोन माणसं या हिशोबाने मोठ्या कंपन्यांची जहाजं १०० टक्क्यांहून जास्त भरतात, कारण तिसरी-चौथी खाट धरलेली नसते. रिकाम्या बाल्कन्या येणार कुठून?

मे महिना, सप्टेंबरची अखेर, किंवा जहाज हंगाम बदलताना एका समुद्रातून दुसऱ्यात नेतात त्या लांब सफरी, इथे शक्यता जरा बरी. जुलै, ऑगस्ट आणि नाताळ सोडून द्या.

भरतीओहोटी

पटलं. म्हणजे इनसाइड घेतली तर इनसाइडच धरून चालायचं.

डेकप्लॅनवाला

आता खरं काम. त्या प्रकारातली सगळ्यात वाईट केबिन कुठली हे पैसे भरण्याआधी शोधायचं. ती चालणार असेल तर गॅरंटी घ्या. त्याहून बरी मिळाली तर उत्तम, पण हिशोब वाईटावर बसवायचा.

आपल्या जहाजाचा डेक प्लॅन काढा. जहाजाचाच, नुसत्या त्या श्रेणीच्या जहाजांचा नको, कारण डागडुजीच्या वेळी केबिन वाढवतात आणि रचना बदलते. मग प्रत्येक डेकच्या वर काय आणि खाली काय ते बघत जा.

वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज. वर बुफे किंवा मुदपाकखाना असेल तर ट्रॉल्यांची चाकं, तीही रात्रभर. खाली थिएटर किंवा क्लब असेल तर गाणं ऐकू येणार नाही, पण बेसचा दणका जमिनीतून येतो. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनचेच डेक असतील ती जागा सगळ्यात शांत. प्लॅनवर नुसते पांढरे, नाव नसलेले चौकोन दिसतात तिथे कर्मचाऱ्यांचा जिना, लिफ्ट किंवा पँट्री असते. त्याला लागून असलेल्या केबिनना दारं आपटल्याचे आवाज येतात.

अगदी पुढच्या खालच्या डेकवर बो थ्रस्टर. जहाज धक्क्याला लागताना हे आडवे पंखे सुरू होतात आणि सकाळी सहा-सातला पलंग थरथरतो. नांगर टाकून छोट्या बोटींनी उतरवतात अशा बंदरात साखळीचा खडखडाटही तिथेच. अगदी मागे इंजिनाचं कंपन. दोन केबिनना जोडणारं दार प्लॅनवर खुणेने दाखवलेलं असतं. त्या दारातून शेजाऱ्याचा टीव्ही भिंतीपेक्षा जास्त ऐकू येतो.

ओशन व्ह्यू गॅरंटीत मोठी अडचण लाइफबोटीची. खिडकीसमोर नारिंगी पाठ आणि वर पट्टीभर आकाश. त्याला 'ऑब्स्ट्रक्टेड' म्हणतात, आणि दराच्या अटींमध्ये तसं लिहिलेलं असेल तर नंतर तक्रार चालत नाही. बाल्कनीत वेगळे प्रकार. काही ठिकाणी काचेऐवजी लोखंडी कठडा असतो, बसलं की समुद्र दिसत नाही. प्रिन्सेस कंपनीच्या ग्रँड श्रेणीच्या जहाजांवर बाल्कन्या पायऱ्यांसारख्या रचलेल्या आहेत, कॅरिब डेकच्या बाल्कनीला अर्धंच छत आहे आणि डॉल्फिन डेकच्या मिनी-स्वीटना छतच नाही. कॅरिबियनमध्ये ऊन मिळतं म्हणून लोकांना आवडतात, अलास्कात पाऊस मिळतो.

रॉयलच्या ओएसिस श्रेणीवर तर काही बाल्कन्या समुद्राकडे नसून आतल्या बागेकडे आणि बोर्डवॉक नावाच्या मोकळ्या चौकाकडे उघडतात. 'बाल्कनी' शब्द वाचून खूश होण्याआधी ती कुणीकडे तोंड करून आहे ते बघा.

कोकणी_मेवा

जबरदस्त प्रतिसाद. अलास्काला डावी बाजू चांगली की उजवी यावर दर वर्षी वाद होतो, गॅरंटीत तर बाजू निवडताच येत नाही. मग घ्यावी की नाही?

डेकप्लॅनवाला

सफर कुठली त्यावर. व्हँकुव्हरहून उत्तरेला अलास्कातल्या स्युअर्ड किंवा व्हिटियर बंदराला एकमार्गी जात असाल तर मुख्य भूमीचा किनारा उजवीकडे, म्हणजे स्टारबोर्डला. तिकडून खाली येताना डावीकडे. पण इनसाइड पॅसेजच्या (किनारा आणि बेटांमधली समुद्रवाट) अरुंद वाटांत दोन्हीकडे डोंगरच असतात. सिएटलहून किंवा व्हँकुव्हरहून जाऊन-येऊन असेल तर जाताना जी बाजू चुकते ती येताना मिळते. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी असते आणि मार्जरी हिमनदीसमोर जहाज हळूहळू गोल फिरवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना दर्शन होतं. तेव्हा बाजूसाठी जास्त पैसे द्यायचेच असतील तर एकमार्गी सफरीला द्यावेत.

तळडेक

यात एक भर. सिएटलची जहाजं सहसा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. ज्यांना बोट लागते त्यांनी तिथे गॅरंटी घेऊ नये. त्यांना जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन हवी, कारण हेलकावा तिथे सगळ्यात कमी असतो. गॅरंटीत अगदी पुढचं टोक आलं तर पहिला अख्खा दिवस आडवे. व्हँकुव्हरहून निघणारी सफर बेटाच्या आतल्या बाजूने जाते, ती तुलनेत संथ.

पेटारा

दोन केबिन घेतोय, दोन मोठे आणि दोन मुलं (१४ आणि १६). दोन्ही गॅरंटी. कंपनी शेजारी देईल ना? बुकिंगं लिंक केलीत.

खलाशी_आळशी

लिंक केल्याने जेवणाच्या टेबलाची सोय होते. शेजारच्या केबिनचं वचन त्यात नाही. एक डेक ६ वर पुढे, दुसरी डेक १० वर मागे, हे सर्रास होतं.

उत्तर अमेरिकेच्या सफरींवर रॉयल २१ वर्षांखालच्यांना मोठ्यांशिवाय केबिन देत नाही, आईवडील लगतच्या केबिनमध्ये असतील तरच सवलत आहे. म्हणून लोक कागदावर एका केबिनमध्ये आई आणि एक मूल, दुसरीत बाबा आणि दुसरं मूल असं बुक करतात आणि जहाजावर गेल्यावर गेस्ट सर्व्हिसेसमधून केबिनची जास्तीची कार्डं घेऊन अदलाबदल करतात. केबिन समोरासमोर असतील तर हे ठीक. चार डेकांचं अंतर पडलं तर मुलं रात्री एकटी, नाहीतर नवराबायको सात दिवस वेगवेगळे. दोन्ही केबिन नंबरासकट घ्या, नाहीतर चौघांची एकच. आत्ता अंतिम हप्ता भरायचा असेल तर बदलायची वेळ हीच, अनामत परत मिळते का तेवढं बघून.

हिशोबनीस

बोलीबद्दल थोडं, कारण वाट बघून कंटाळलेला माणूस तिकडेच वळतो. रॉयलवर 'रॉयल अप', सेलिब्रिटीवर 'मूव्ह अप', नॉर्वेजियनवर 'अपग्रेड ॲडव्हांटेज'. ईमेल येतो किंवा साइटवर बुकिंग क्रमांक टाकून पात्रता तपासता येते.

पडद्यावरचा आकडा माणशी असतो. २०० ची बोली म्हणजे दोघांचे ४००. एकट्याने गेलात तरी दोघांचे द्यावे लागतात. मंजूर होईपर्यंत बोली बदलता किंवा मागे घेता येते. मंजूर झाली की कार्डावरून पैसे जातात आणि परत मिळत नाहीत. दोन-तीन प्रकारांवर बोली लावली असेल तर त्यातली कुठलीही लागू शकते, म्हणून नको असलेल्या प्रकारावर 'बघू लागली तर' म्हणून बोली ठेवू नका. स्वीट लागली तर रोजची टिपही स्वीटच्या दराने. आणि रॉयलवर निष्ठा-गुण (लॉयल्टी पॉइंट) मूळ भरलेल्या प्रकाराचेच मिळतात, स्वीटचे दुप्पट नाहीत.

यातली गोम अशी की बोलीत जिंकलेली केबिनसुद्धा गॅरंटीसारखीच, नंबर निवडता येत नाही. नीट निवडलेली मधली बाल्कनी सोडून कुठल्यातरी कोपऱ्यातली मोठी खोली पदरात पडू शकते.

पेटारा

खलाशी, अनामत परत मिळणारी आहे. दोन्ही बदलून समोरासमोरच्या घेतो, माणशी ५५ डॉलर जास्त पडतायत.

कोकणी_मेवा

घ्याच.

अवांतर: मुंबई-पुण्याच्या टूर कंपन्यांबरोबर सिंगापूरच्या क्रूझला जाणाऱ्यांचं काय? ते तर नंबर विचारला की "तिथे गेल्यावर" म्हणतात.

तळडेक

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. टूर कंपनी केबिनचा ग्रुप ब्लॉक घेते, मग प्रवाशांच्या नावांची यादी जाते आणि त्यावरून केबिन पडतात. एजंटमार्फत बुकिंग असेल तर जहाज कंपनी तुमच्याशी थेट बोलत नाही, जे बोलायचं ते एजंटने. पैसे भरताना लेखी दोनच गोष्टी मागा: केबिनचा प्रकार नावासकट ('सी व्ह्यू' असं मोघम नको, खिडकी की बाल्कनी ते लिहा) आणि एका कुटुंबाच्या केबिन जवळ देण्याची विनंती यादीत घातल्याचं उत्तर. व्हिसासाठी केबिन नंबर लागत नाही, नाव आणि बुकिंग क्रमांक असलेलं कन्फर्मेशन पुरतं.

दाणापाणी

नंबर आला! डेक ९, मागच्या बाजूला. वर केबिन, खाली केबिन, जोडणारं दार नाही. मागे म्हणजे कंपन असेल का?

डेकप्लॅनवाला

प्लॅनवर टोकापासून किती केबिन आत आहे ते मोजा. आठ-दहा केबिन आत आणि नवव्या मजल्यावर असाल तर फार जाणवणार नाही, धक्क्याला लागताना थोडं. चांगली पडलीय, बदलायला जाऊ नका. तसंही एकदा नंबर पडल्यावर गॅरंटीवाल्याला फुकट बदलून देत नाहीत.

दाणापाणी

मग सामानाचे टॅग आजच छापते.

खलाशी_आळशी

आज नको. नंबर पडल्यावरही कंपनी तो निघेपर्यंत बदलू शकते, आणि जुना नंबर छापलेली बॅग जुन्या केबिनच्या दारात जाऊन पडते. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी ॲप पुन्हा उघडून नंबर जुळवा, मग छापा. कागदी टॅग घडी घालून पारदर्शक चिकटपट्टीने पूर्ण गुंडाळा, नुसते स्टेपल केलेले सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर फाटतात. छापायचे राहिले तरी बिघडत नाही, टर्मिनलबाहेर हमालांकडे कोरे टॅग असतात, नाव आणि केबिन नंबर पेनने लिहायचा.

बॅगा संध्याकाळपर्यंत येत राहतात आणि केबिन साधारण दुपारी एक-दीडला उघडतात. पासपोर्ट, सासूबाईंची औषधं, चष्मा, चार्जर आणि एक स्वेटर हातातल्या पिशवीत.

भरतीओहोटी

आणि बंदरावर पोचेपर्यंत जीटीवायच राहिलं तर?

खलाशी_आळशी

तर बॅग हमालाकडे देण्याआधी चेक-इन काउंटरवरच्या माणसाला गाठा. बोर्डिंग पासवर नंबर नाही एवढं सांगितलं की तो सिस्टीममध्ये बघून तिथेच देतो. टॅगवर तो लिहूनच बॅग सोडा. नंबराबरोबर मस्टर स्टेशनचं (आणीबाणीत जमायची जागा) अक्षरही विचारून घ्या. जहाज सुटण्याआधी तिथे हजेरी लावावी लागते आणि ते स्टेशन केबिनवरून ठरतं. रॉयलवर केबिनचं कार्ड काउंटरवर मिळत नाही, केबिनच्या दाराबाहेर पाकिटात लावलेलं असतं.